सिनेमा आणि टीव्हीचं शिक्षण : कॉलेजात नेमकं शिकवतात काय?



बारावीचा निकाल लागला की आमच्या कसबा बावड्यात माझ्याकडं दोन प्रकारचे पालक येतात. काहींच्या हातात पेढ्यांचा पुडा असतो, काहींच्या हातात कुठल्या तरी संस्थेचं माहितीपत्रक. तीन वर्षांपूर्वी एक पालक आले ते दुसऱ्या प्रकारातले. साखर कारखान्यात हंगामी नोकरी, तीस गुंठे ऊस, एक म्हैस, दोन मुली. थोरली माझ्या वर्गातली, सायन्सची. माहितीपत्रक चांगलं गुळगुळीत कागदाचं, वर क्रेनवर बसलेला कॅमेरावाला. शेवटच्या पानावर फीचा आकडा होता, तो त्यांनी अंगठ्यानं झाकून धरला होता.

"सर, पोरगी म्हणत्या शिनेमाचं शिकाय जातो. मी म्हंतो जा. पर तिथं शिकवत्यात तरी काय? कॅमेरा तर आता फोनातच हाय की. दाबलं बटन, झालं शूटिंग."

मुलगी शेजारीच उभी होती. म्हणाली, "आण्णा, मला कॅमेरा नाही शिकायचा. मी आवाजाचं शिकतो." (आमच्याकडच्या मुली 'येतो, जातो, शिकतो' असंच म्हणतात. पेपरात त्याचे गुण कापावे लागतात, गावात कोणी कापत नाही.)

आण्णा माझ्याकडं बघायला लागले. "आता आवाजात काय शिकायचं असतंय, सर?"

त्या दिवशी मी दिलेलं उत्तर अगदीच पुस्तकी होतं. 'माध्यम क्षेत्रात खूप संधी आहेत' वगैरे. आण्णांनी मान हलवली, चहा घेतला आणि उठले. दारात चपला घालताना एवढंच बोलले की फीसाठी दहा गुंठे काढायचा विचार चाललाय. एका विषयासाठी कोणी जमीन विकायला निघालंय आणि त्या विषयाबद्दल आपल्याला चार वाक्यांपलीकडं सांगता येत नाही, याची मला लाज वाटली. पुढच्या महिन्याभरात मी वाचलं, या कामात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना फोन केले, एका संस्थेत स्वतः जाऊन आलो. आजचा पाठ म्हणजे आण्णांच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

'निर्मिती' म्हणजे कोणतं काम?

मराठीत 'निर्माता' म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. कॉलेजात 'फिल्म आणि टीव्ही निर्मिती' असं लिहिलेलं असतं तेव्हा मात्र तो शब्द सगळ्या कामाला धरून असतो. कल्पना सुचल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंतचं सगळं. त्याचे तीन टप्पे पाडतात : चित्रीकरणाआधीची तयारी, प्रत्यक्ष चित्रीकरण, आणि नंतरचं संकलन-ध्वनीचं काम. बाहेरच्या माणसाला फक्त मधला टप्पा दिसतो, कारण रस्त्यावर गर्दी तिथं जमते. वेळ मात्र पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याला जास्त लागतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला गुऱ्हाळावर दहा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. बावड्याच्या पोराला गुऱ्हाळ काय नवीन? फोन घेऊन गेला, चरक दाखवला, काहील दाखवली, गुळाची ढेप दाखवली, काकवी बोटानं चाटली, झालं. घरी येऊन बघितलं तर काय दिसतं? वाफेमुळं सगळं पांढरं. चुलवाणाजवळचा माणूस शेंदरी आणि ट्यूबलाईटखालचा माणूस हिरवट. गुळव्या मुलाखत देतोय, पण मोटारीच्या आवाजात त्याचं एक अक्षर कळत नाही. पाच जागांवर पाच तुकडे आणि एकाला दुसरा जुळत नाही.

कॉलेजातला विद्यार्थी (म्हणजे नीट शिकवलेला) आधी दोन दिवस कॅमेरा न घेता जातो. आदण किती वाजता चढतं, किती वाजता उतरतं, ऊन कुठल्या बाजूनं आत येतं, मोटार कधी बंद असते, हे लिहून आणतो. मालकाची परवानगी घेतो. मग कागदावर ठरवतो की कुठलं दृश्य कुठून घ्यायचं, कोणी किती वाजता यायचं, चहा कोण आणणार. या कागदाला कॉल शीट म्हणतात. तो कागद नीट लिहिता येणं हा या शिक्षणाचा पहिला धडा, आणि माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचा. तो सध्या मालिकांच्या निर्मिती विभागात आहे. म्हणाला, "सर, आमच्यात ज्याला यादी करता येते त्याची नोकरी टिकते."

चित्रीकरणाचे नियम ऐकायला किरकोळ वाटतात. एक सांगतो. खासबाग मैदानात तुम्ही एका बाजूला बसून कुस्ती बघताय. सलामीला डावीकडं तांबडा लंगोट, उजवीकडं निळा. आता तुम्हाला कोणी उचलून एकदम समोरच्या बाजूला नेऊन बसवलं तर? तांबडा उजवीकडं जाईल, आणि क्षणभर कोण कोणाला धरतोय तेच कळणार नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. समोरासमोर असलेल्या दोन माणसांना जोडणारी एक रेघ मनात धरायची आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली तर प्रेक्षक गोंधळतो. नंतर मुद्दाम ओलांडायला हरकत नाही, पण आधी नियम हाताला बसला पाहिजे.

दुसरा नियम थेट आपल्या विजेच्या तारेतून येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून साधी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून आपल्याकडं टीव्हीसाठी सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० असं ठेवलं की लुकलुक येत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, तिथं शटरचा कोन थोडा बदलून तेच साधावं लागतं. फोन हे आपोआप करायला बघतो, कधी जमतं, कधी पट्टे येतात. पट्टे का आले हे ज्याला सांगता येतं तो शिकलेला. अकरावीचं फिजिक्स इथं अचानक जिवंत होतं. दिवा दुप्पट लांब नेला की प्रकाश चौथा हिस्सा होतो, हे सूत्र पाठ करून तुम्ही गुण मिळवता. प्रकाशयोजनेच्या तासाला तेच सूत्र हातात दिवा धरून शिकवतात.

आपल्या गावात हे कॉलेज आधीच होतं

तुम्ही खरी कॉर्नरवरून जाता तेव्हा तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ बघितलाय का? बहुतेकांनी बघितलेला असतो, पण का उभा आहे हे विचारलं की वर्गात शांतता पसरते.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे कोल्हापूरचे चित्रकार. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. सिनेमा बघून त्यांना तो करून पाहायची इच्छा झाली. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी धरून काम पुढं नेलं आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला. कंपनीला भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. कोणाकडंही पदवी नव्हती. हे लोक सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम जाणणारे होते.

या कंपनीत पोरं उमेदवारी करायची. पडेल ते काम. व्ही. शांताराम तिथंच मिळेल ते काम करत शिकले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा तरुण शेतकरी रंगवला. (आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दहा गुंठ्यांचा विषय तेव्हा अजून मिटला नव्हता.)

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण कॉलेजातल्या शाखा कशा असतात ते इथं कळतं. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच. शांताराम दिग्दर्शन बघायचे. केशवराव धायबर कॅमेरा. साहेबमामा फत्तेलाल कला विभाग, म्हणजे सेट, पोशाख, रंग. सीतारामपंत कुलकर्णी सराफ होते, पैशाची बाजू त्यांची. आणि विष्णुपंत दामले? बोलपट आल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण हातात घेतलं. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट याच मंडळींनी कोल्हापुरात केला. त्या वेळी गाणं आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय नव्हती. नट सेटवर गातोय, वाजवणारे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसलेत आणि तेव्हाच सगळं टिपलं जातंय. कोणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून!

दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, कला, निर्मिती-व्यवस्थापन. आजच्या कुठल्याही चांगल्या फिल्म कॉलेजचं माहितीपत्रक उघडा, जवळपास हीच विभागणी दिसेल. संकलन तेवढं वेगळं धरतात. आणि हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला गेली. कंपनी बंद पडल्यावर तिच्याच जागेत भारत सरकारनं १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट काढली. दिल्लीत चालणारं टेलिव्हिजनचं प्रशिक्षण १९७४ मध्ये तिथं आलं. हीच आजची पुण्याची एफटीआयआय. म्हणजे कोल्हापुरात सुरू झालेल्या कंपनीच्या स्टुडिओत आज देशभरातली मुलं धडे गिरवतात. आपल्या बावड्यातल्या मुलांना मात्र ते 'फार लांबचं' वाटतं.

उमेदवारीची पद्धत कोल्हापुरात पुढंही चालली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत कित्येक जण अशीच कामं करत तयार झाले. मग कॉलेज कशाला? हा प्रश्न योग्य आहे. उमेदवारीत तुम्ही एका माणसाचं काम त्याच्या पद्धतीनं शिकता, आणि चूक केली तर त्याचे पैसे बुडतात, म्हणून चूक करायला मिळत नाही. कॉलेजात चूक करायला मिळते. माझ्या समजुतीप्रमाणे फी त्याचीच असते. पहिल्या वर्षी बिनआवाजाचा चार मिनिटांचा तुकडा, मग संवादाचा, मग माहितीपट, शेवटी पदविका चित्रपट. प्रत्येक वेळी काहीतरी बिघडतं, सगळ्या वर्गासमोर पडद्यावर लागतं, आणि मित्र, शिक्षक त्याची चिरफाड करतात. दुसरं असं की आज तू दिग्दर्शक आणि मी ध्वनीवाला, पुढच्या वेळी मी दिग्दर्शक आणि तू केबल गुंडाळणार. रागलोभ सांभाळून दुसऱ्याच्या सिनेमात मन लावून काम करणं, हे घरी यूट्यूब बघून शिकता येत नाही. बाकी बरंचसं येतं, हेही खरंच.

आवाजात काय शिकायचं असतंय?

आण्णांचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा थांबतो.

क्लॅप तुम्ही बघितलाय. काळी पाटी, वर पट्टी, 'टक्' असा आवाज. ती पाटी शोभेची नाही. व्यावसायिक कामात चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्या यंत्रात टिपतात. नंतर दोन्ही जुळवायचे कसे? पट्टी पाटीला टेकलेली दिसते ते चित्र आणि 'टक्' ऐकू येतं तो क्षण एकमेकांवर ठेवायचे. झालं जुळणं. पण ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. २५ चित्रांच्या हिशोबानं एका चित्राच्या वेळात तो जेमतेम साडेतेरा-चौदा मीटर जातो. म्हणजे माईक पाटीपासून पंधरा मीटर लांब ठेवला तर आवाज एक चित्र मागं पडलाच. गणित करून बघा.

मग खोलीची शांतता. चित्रीकरण संपल्यावर ध्वनीवाला सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करतो आणि नुसती शांतता टिपून घेतो. कारण बावड्यातल्या घराची शांतता आणि पन्हाळ्यावरच्या घराची शांतता वेगळी असते. इथं लांबून ट्रक, कुत्रं, कारखान्याची घरघर. तिथं वारा. संकलनात दोन वाक्यांमधली मोकळी जागा भरायला तीच शांतता लागते. नाहीतर तिथं आवाजात खड्डा पडतो आणि प्रेक्षकाला कारण न कळता काहीतरी खटकतं.

उमेश कुलकर्णी यांनी एफटीआयआयमध्ये शिकत असताना केलेला 'गिरणी' हा लघुपट मिळाला तर जरूर बघा. एक आई पोटापाण्यासाठी घरात पिठाची गिरणी घेते आणि त्या आवाजानं तिच्या लहान मुलाचं जगणं व्यापून जातं. त्यात आवाज हेच एक पात्र आहे. गिरणीचा आवाज काढून टाकला तर गोष्टच उरत नाही. त्या विद्यार्थिदशेतल्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'वळू', 'देऊळ' नंतरचे. ऑस्कर मिळवणारे ध्वनिसंयोजक रसूल पुकुट्टी हेही याच संस्थेत आवाजाचं शिकलेले. हे सांगितल्यावर आण्णा म्हणाले, "म्हंजी आपली पोरगी काय येडी न्हाई." मी म्हटलं, "नाही आण्णा, शहाणी आहे."

टीव्हीचं काम जरा निराळं

सिनेमाच्या सेटवर साधारणपणे एक कॅमेरा आणि भरपूर वाट बघणं. दिवसभर खपून पडद्यावरची दोन-तीन मिनिटं तयार झाली तरी काम ठीक झालं म्हणतात. रोजच्या मालिकेचा हिशोब वेगळा. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस. प्रत्येक भागाची वीस-बावीस मिनिटं. म्हणजे रोज जवळपास एक भाग हातावेगळा झालाच पाहिजे, नाहीतर रात्री दाखवायला काही नाही. 'तुझ्यात जीव रंगला'चं चित्रीकरण आपल्या जवळच्या वसगडे गावात चालायचं तेव्हा बघायला गेलेली मुलं कंटाळून परत आली. म्हणाली, सर, तेच तेच करत होते. अरे, तेच तर काम आहे!

स्टुडिओतला कार्यक्रम आणखी वेगळा. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू, सगळ्यांची चित्रं नियंत्रण कक्षात, आणि तिथं बसलेला माणूस त्याच क्षणी ठरवतो की आता कुठलं चित्र बाहेर जाणार. कॅमेरावाल्यांच्या कानात त्याचा आवाज. इथं नंतर दुरुस्ती नाही. म्हणून टीव्हीच्या अभ्यासक्रमात डोकं थंड ठेवण्याचा सराव फार करून घेतात. बातम्या, खेळ, थेट प्रक्षेपण यांत नोकऱ्या तुलनेनं जास्त असतात, पण माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो नसतो.

वाटा कोणत्या?

पुण्याच्या एफटीआयआयचे मोठे, तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. टीव्हीचे एक वर्षाचे वेगळे. कोलकात्याची सत्यजित रे संस्था १९९५ पासून, तिथंही पदवी लागते. एकेका शाखेत जागा दहा-बाराच्या आसपास आणि प्रवेश परीक्षा देशपातळीवरची. नेमक्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचायच्या, माझ्या किंवा कोणाच्याच तोंडी सांगण्यावर जायचं नाही. बारावीनंतर थेट तीन वर्षांची पदवी देणारी विद्यापीठं आणि कॉलेजंही आता बरीच आहेत. कुठं 'मास मीडिया' नाव, कुठं 'फिल्म मेकिंग'. त्यांतली काही उत्तम आहेत, काही नुसती नावाला.

एक आडवाटही ध्यानात ठेवा. नागराज मंजुळे आधी मराठीत एम.ए. झाले, मग त्यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज केलं. 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला, मग 'फँड्री', मग 'सैराट'. जिल्ह्याच्या गावचं कॉलेज होतं ते. दुसरीकडं 'कोर्ट'चा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कुठल्याच फिल्म स्कूलमध्ये गेला नाही. मराठीचा शिक्षक म्हणून माझा थोडा पक्षपात असेल, पण पदवीची तीन वर्षं भाषा, इतिहास, फिजिक्स, चित्रकला यांतलं काहीतरी नीट शिकून मग सिनेमाकडं गेलेल्या मुलाकडं सांगायला जास्त असतं असं मला वाटतं. आमच्याच शाळेतले एक सहकारी म्हणतात, हे चूक आहे, तीन वर्षं वाया जातात, ज्याला लवकर कळलंय त्यानं लवकर जावं. त्यांचंही बरोबर असू शकेल.

आता त्या माहितीपत्रकाचं. आण्णा, मुलगी आणि मी, तिघं ती संस्था बघायला गेलो. नाव सांगत नाही. एका मोठ्या शहरात आहे एवढं पुरे. स्वागतकक्ष झकास. मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "ध्वनीची खोली बघायला मिळेल?" खोली होती. कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडं होती ते सर त्या दिवशी आले नव्हते. मी विचारलं, एका वर्षात एक विद्यार्थी किती लघुपट पुरे करतो? उत्तर मिळालं, 'ते ग्रुपवर अवलंबून असतं.' एका ग्रुपमध्ये किती जण? बारा. कॅमेरे किती? दोन. लघुपटाचा खर्च फीमध्ये धरलाय का? नाही. पदवी कोणत्या विद्यापीठाची? त्यावर आणखी एक माहितीपत्रक हातात आलं. आण्णा एवढा वेळ गप्प होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "बैल घ्यायला गेल्यावर आपण दात बघतो. हितं गोठाच बंद."

हेच प्रश्न तुम्हीही विचारा. शिवाय जुन्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम दाखवा म्हणून हट्ट धरा. जाहिरातीची चित्रफीत नको, पुरा लघुपट. चांगली संस्था असले प्रश्न ऐकून खूश होते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला तिच्या कॉलेजनं पहिल्याच भेटीत तीन फसलेले लघुपट दाखवले होते आणि कुठं फसले ते सांगितलं होतं. तिनं तिथंच प्रवेश घेतला.

ज्यांना या वाटेला जायचं मनात आहे त्यांनी या आठवड्यात एक अभ्यास करायचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर, किंवा तुमच्या गावच्या पाण्यावर जा. डोळे मिटून दहा मिनिटं बसा आणि ऐकू आलेले सगळे आवाज लांबून जवळच्या क्रमानं वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी वेगळ्या वेळी. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. फोन घरी ठेवायचा.

त्या मुलीचं काय झालं हे तुम्ही विचारणारच. तिनं कोल्हापुरातच फिजिक्स घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. यंदा शेवटचं वर्ष. दहा गुंठे जागेवर आहेत, त्यात ऊस उभा आहे. शिकवण्या घेऊन तिनं एक छोटा रेकॉर्डर घेतला. पहिलं काम पंचगंगेच्या पुराचं केलं, ते सगळं वाऱ्यानं खाल्लं, नुसता घूं घूं आवाज. मग आण्णांची जुनी माकडटोपी माईकवर चढवली, तर वारा बराच कमी झाला. पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा देणार आहे. मिळेल की नाही ते तिला माहीत नाही, मलाही नाही.

गेल्या थंडीत ती गुऱ्हाळाचे आवाज टिपायला गेली तेव्हा मीही गेलो होतो. तिला आदण उतरतानाचा आवाज हवा होता : काहील कलती होते, गूळ वाफ्यात पडतो, मागून काहील खरवडल्याचा आवाज. बांबूला माईक बांधलेला, त्यावर टोपी, आणि बांबू धरायला आण्णा. गुळव्यानं मोटार बंद ठेवायचं कबूल केलं होतं. चार पोरं बडबडत होती, त्यांना आण्णांनी दटावलं, "गप बसा रं, आवाज घेत्यात." सगळं शांत झालं. गूळ पडायला लागला, आणि आण्णांच्या खिशातला फोन वाजला.

मुलीनं रेकॉर्डर बंद केला. आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "परत घ्यायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता पुढच्या आदणाला, आण्णा."

पुढचं आदण उतरायला अडीच-तीन तास होते. आण्णांनी फोन बंद केला, बांबू मांडीवर आडवा घेतला आणि चुलवाणाच्या उबेला बसून राहिले.